मॉडेलर घेताना ॲम्प मोजू नका

एकच मॉडेलर, एकच प्रीसेट, तरी दोन घरांत दोन आवाज. डेमो ऐकून ज्याच्यावर पैसे टाकले तो प्रीसेट घरी लॅपटॉपला जोडल्यावर पातळ आणि कर्कश वाजतो. रात्री हेडफोन लावून जुळवलेला भरदार आवाज सकाळी बास आणि ड्रम्सच्या शेजारी बसवला, की एक तर हरवतो नाहीतर सगळ्या गाण्यावर चिखल पसरतो. मग संशय यंत्रावर, म्हणजे ॲम्पची नक्कल करणाऱ्या मॉडेलरवर, जातो. यात ॲम्प कमी पडताहेत, वरचं मॉडेल घ्यायला हवं होतं, असं वाटू लागतं. दुकानदारही दुजोरा देतो, कारण खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा तोच असतो: इतके ॲम्प, इतके इफेक्ट, इतके प्रीसेट. घरच्या रेकॉर्डिंगपुरता हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे, असं माझं म्हणणं आहे. आवाजाचा निकाल साखळीच्या दोन टोकांना लागतो. गिटारची केबल यंत्रात शिरते ते एक टोक, आणि स्पीकरची नक्कल होऊन आवाज बाहेर पडतो ते दुसरं. मधला ॲम्प आता बहुतेक सगळ्यांना चांगला जमतो. पारख करायची ती टोकांची.

एक वॉटही जास्त होतो

इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपल्या ओळखीचा आहे, तो एकट्या गिटारचा नसतो. पिकअपमधून निघणारा संकेत जेमतेम काही शे मिलिव्होल्टचा. तो ॲम्पमधल्या व्हॉल्वमधून जातो. व्हॉल्व क्षमतेच्या काठाशी आले की लहरींची टोकं हळूहळू चेपली जातात, आणि त्या चेपण्यातून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे नवे सूर जन्माला येतात. वादक ज्याला डिस्टॉर्शन म्हणतात ते हेच. अडचण अशी, की पॉवर व्हॉल्वमधलं चेपणं आवाज चढवल्याशिवाय होत नाही. सेलेस्टियनचा ‘व्हिंटेज ३०’ हा गिटारच्या कॅबिनेटमध्ये सर्रास सापडणारा १२ इंची स्पीकर आहे. त्याला अवघा एक वॉट दिला तरी एक मीटरवर सुमारे १०० डेसिबल आवाज होतो. शंभर वॉट दिले तर त्यात आणखी २० डेसिबलची भर. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी घातलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. ठाण्याच्या किंवा कोथरूडच्या फ्लॅटच्या भिंती काही आवाज अडवतात हे खरं, पण दारं-खिडक्यांसकट पन्नासेक डेसिबल अडवतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. त्यामुळे सोसायटीत राहून गिटार रेकॉर्ड करायची तर ॲम्पची नक्कल गणिताने करणं भागच पडतं.

एक सर्किट, दोन आवाज

ॲम्पच्या नावाला आपण फार महत्त्व देतो, ते कितपत बरोबर आहे? इतिहासातच याचा एक चांगला पुरावा सापडतो. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा १९५०च्या दशकाच्या अखेरचा ‘बासमन’ ॲम्प घ्या. लंडनमध्ये ड्रम्सचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांच्या माणसांनी १९६२च्या सुमारास त्याचंच सर्किट समोर ठेवून ‘जेटीएम ४५’ तयार केला. कागदावरचे दोन्ही आराखडे शेजारी ठेवले तर भाऊ-भाऊ वाटावेत इतके ते सारखे आहेत. तरीही एकातून पुढे ‘फेंडरचा आवाज’ आणि दुसऱ्यातून ‘मार्शलचा आवाज’ अशी दोन घराणी निघाली. फरक कुठे पडला? पहिला व्हॉल्व बदलला होता, ट्रान्सफॉर्मर वेगळे होते, पुढे पॉवर व्हॉल्वही बदलले. पण डोळ्यांना दिसणारा सर्वांत मोठा बदल शेवटी होता. बासमनमध्ये मागून उघड्या पेटीत जेन्सनचे चार १० इंची स्पीकर होते, तर मार्शलने मागून बंद अशा स्वतंत्र कॅबिनेटमध्ये सेलेस्टियनचे चार १२ इंची स्पीकर बसवले. सगळी किमया स्पीकरचीच, असं म्हणणं अति होईल. पण ‘ॲम्पचा आवाज’ म्हणून आपण जे ओळखतो त्यातला फार मोठा वाटा लाकडी पेटीचा आणि कागदी शंकूचा असतो, एवढं यातून नक्की दिसतं.

कारणही सरळ आहे. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे सूर झपाट्याने गाळून टाकतो. डिस्टॉर्शनने तयार केलेली वरची सगळी किरकिर त्या गाळणीत अडकते. मॉडेलरमधला कॅबिनेटचा ब्लॉक बंद करून पाहा. महागातला महाग ॲम्पसुद्धा ऐकवत नाही.

नक्कल करायच्या दोन रीती

मधल्या ॲम्पची नक्कल दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात सर्किटचा प्रत्येक भाग समीकरणांत मांडतात: व्हॉल्व, कपॅसिटर, टोनची बटणं, ट्रान्सफॉर्मर. रोलँडचा १९९५ सालचा ‘व्हीजी-८’ आणि लाइन ६चा १९९८ सालचा लाल ‘पॉड’ ही या घराण्यातली सुरुवातीची नावं. नंतर फ्रॅक्टलचा ‘ॲक्स-एफएक्स’ २००६ मध्ये आणि लाइन ६चाच ‘हीलिक्स’ २०१५ मध्ये आला. दुसऱ्या प्रकारात ॲम्पच्या आत काय आहे ते बघतच नाहीत. त्यातून ठरावीक संकेत पाठवायचे, बाहेर काय आलं ते नोंदवायचं आणि तसंच वागणारं गणिती रूप तयार करायचं. याला प्रोफाइल किंवा कॅप्चर म्हणतात. जर्मनीच्या केम्परने २०११ मध्ये ही वाट रुळवली. फिनलंडच्या न्यूरल डीएसपीचा ‘क्वाड कॉर्टेक्स’, इटलीच्या आयके मल्टिमीडियाचा ‘टोनेक्स’ आणि फुकट मिळणारा ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ या मंडळींनी ते काम न्यूरल नेटवर्कवर सोपवलं.

पहिली रीत पाककृती हाती घेऊन आमटी करण्यासारखी आहे. डाळ किती, गोडा मसाला कधी, चिंचेचा कोळ किती हे ठाऊक असल्यामुळे कोळ वाढवला तर काय होईल तेही सांगता येतं. दुसऱ्या रीतीत झालेली आमटी चाखून हुबेहूब तशीच करायची असते. चव अचूक साधते, पण ती त्या दिवशीच्या त्या पातेल्यातल्या आमटीची. कॅप्चरमध्ये गेनचं बटण पाचवर असताना टिपलेला ॲम्प असेल, तर ते बटण आठवर नेल्यावर खरा ॲम्प कसा वागला असता हे यंत्राला ठाऊक नसतं; ते अंदाजाने काहीतरी वाढवून देतं. ज्यांना एक ठरावीक आवाज हवा आहे त्यांना कॅप्चर पुरतं. बटणं फिरवत शोधत जाणाऱ्यांनी पहिली रीत धरावी.

पण दोन्ही रीती आज इतक्या पुढे गेल्या आहेत की यावर रात्री जागवण्यात हशील नाही. फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं, की न्यूरल नेटवर्कला ॲम्पची चाल शिकवायला तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग पुरेसं होतं, आणि ते रूप साध्या संगणकावर वाजवता-वाजवता चालतं. जे काम तीन मिनिटांच्या नमुन्यावर होतं, त्याची टंचाई आता बाजारात नाही. शिवाय खोक्यावरच्या शे-दोनशे ॲम्पमध्ये एकाच ॲम्पचे दोन चॅनेल, एकाच चॅनेलचे दोन इनपुट अशी बरीच भरती असते. फेंडरसारखा एक स्वच्छ आवाज, व्हॉक्ससारखा एक काठावरचा, मार्शलसारखा एक कुरकुरीत आणि मेटलसाठी एक जळजळीत असे चार ॲम्प घरच्या बहुतेक गाण्यांना पुरे होतात.

शेवटचं टोक: कॅब आणि माइक

आता जिथे खरा फरक पडतो तिथे येऊ. व्हॉल्व लहर चेपतो, त्यामुळे दुप्पट संकेत दिला तर दुप्पट मिळत नाही. स्पीकर आणि कॅबिनेट मात्र बऱ्यापैकी सरळ वागतात: दुप्पट दिलं की दुप्पट मिळतं. अशा सरळमार्गी वस्तूचा पूर्ण स्वभाव एका क्षणिक धक्क्याला तिने दिलेल्या प्रतिसादात साठवता येतो. त्यालाच इम्पल्स रिस्पॉन्स किंवा वादकांच्या तोंडी ‘आयआर’ म्हणतात. ही एक छोटीशी ध्वनिफाइल असते. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या हिशेबाने १,०२४ नमुन्यांची आयआर २१ मिलिसेकंदांची, २,०४८ नमुन्यांची ४३ मिलिसेकंदांची. जवळ माइक ठेवून टिपलेल्या कॅबला पहिली बहुतेक वेळा पुरते, तेव्हा ‘आमची आयआर लांब आहे’ या जाहिरातीला जादा पैसे मोजायचं कारण नाही.

आयआरमध्ये नुसता स्पीकर नसतो; माइक आणि त्याची जागाही त्यात कायमची गोठलेली असते. शुअरचा ‘एसएम ५७’ स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर ठेवला तर आवाज धारदार येतो. तोच दोन-तीन सेंटिमीटर कडेला सरकवला तर धार बोथट होऊन आवाज भरीव होतो. मॉडेलरमध्ये हा प्रयोग पाच मिनिटांत करता येतो. आधी आयआर तीच ठेवून चार ॲम्प बदला, मग ॲम्प तोच ठेवून चार आयआर बदला. दुसऱ्या खेपेला फरक जास्त जाणवतो, विशेषतः डिस्टॉर्शन लावलेलं असताना. म्हणून यंत्र घेताना विचारायच्या गोष्टी अशा: बाहेरची आयआर त्यात भरता येते का, आतल्या कॅबसमोरचा माइक हलवता येतो का, आणि कॅब स्वतंत्रपणे बंद करता येते का? हा तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच असतं. कॅबसकट टिपलेल्या कॅप्चरवर पुन्हा आयआर लावली, की आवाज दोन गाळण्यांतून जाऊन गोधडीखाली दबतो. उलट कॅबशिवायचं कॅप्चर तसंच वाजवलं तर कर्कश लागतं. अशा वेळी दोष ना यंत्राचा असतो ना कॅप्चरचा.

दोन माइकांची सोय असेल तर जपून वापरावी. दोन माइकांच्या अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक असला, तर एकाचा आवाज अर्धा मिलिसेकंद मागे राहतो आणि हजार हर्ट्झच्या आसपासचे सूर एकमेकांना मारतात. गिटारचा कणा तिथेच कुठेतरी असतो.

पहिलं टोक: केबल कुठे शिरते

पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती हजारो वेढ्यांची तार. तिच्यावर विजेचा भार पडला की वरचे सूर मरतात. व्हॉल्व ॲम्पचं इनपुट साधारण दहा लाख ओहमचं असतं, म्हणजे ते पिकअपवर जवळजवळ भार टाकतच नाही. चांगल्या मॉडेलरचं इनपुटही तसंच असतं. ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटचा रोध मात्र बराचसा दहा-वीस हजार ओहमच्या घरात. तिथे गिटार थेट खुपसली तर आवाज मळकट होतो, आणि पुढे कितीही ट्रेबल वाढवला तरी गेलेलं परत येत नाही. ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असं लिहिलेलं इनपुट शोधायचं ते एवढ्यासाठी.

दुसरी गोष्ट पातळीची. खरा ॲम्प पिकअपच्या ताकदीप्रमाणे कमी-जास्त चेपतो आणि त्याची नक्कलही तशीच वागते. ‘अमुक पातळीला इतकं चेपायचं’ हा हिशेब तिच्यात बांधलेला असतो. इंटरफेसचं गेन सहा डेसिबलने चढवलं की व्होल्टेज दुप्पट होतं, आणि स्वच्छ म्हणून बनवलेला प्रीसेट खरखरू लागतो. एकाच प्रीसेटचे दोन घरांतले दोन आवाज बहुधा इथे फुटतात. एकाकडे सिंगल कॉइलची गिटार असते, दुसऱ्याकडे जोरकस हंबकर, आणि प्रीसेट बनवणाऱ्याकडे तिसरीच. ज्या यंत्रात इनपुटची पातळी आणि पॅड सहज हाती येतात, किंवा ज्या प्लग-इनच्या माहितीपत्रकात अपेक्षित पातळी छापलेली असते, ते अर्ध्या कटकटीतून सोडवतं.

तिसरी गोष्ट गुणगुण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सिंगल कॉइल ती हवेतून पकडतो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५०च्या दशकात दोन उलट्या कॉइलचा हंबकर काढला तो याच त्रासावर. जास्त गेन लावला की ही गुणगुण गिटारपेक्षाही जास्त वाढते. जुन्या इमारतींत अर्थिंग कच्चं असतं, लॅपटॉपचा चार्जर त्यात भर घालतो. टेक घेताना चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. नॉइज गेट हा नंतरचा उपाय, कारण तो सुरांच्या शेपट्याही कापतो.

चौकट: उशिराचं गणित

संकेत आत गेल्यापासून आवाज बाहेर येईपर्यंतचा वेळ म्हणजे लेटन्सी. हवेत ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. खऱ्या ॲम्पपासून तीन मीटर दूर उभा असलेला वादक सुमारे नऊ मिलिसेकंद उशिरा ऐकतच असतो. स्वतंत्र मॉडेलरला सहसा दोन ते पाच मिलिसेकंद लागतात. संगणकात बफर १२८ नमुन्यांचा ठेवला, तर जाता-येता मिळून पाचेक मिलिसेकंद आणि वर इंटरफेसचा स्वतःचा वेळ. दहाच्या आत राहिलं तर बहुतेकांना खुपत नाही. बफर ५१२वर गेला की बोटं आणि कान यांची फारकत सुरू होते.

‘पण हाताला ते लागत नाही’

आता आक्षेपांकडे वळू. जुने वादक म्हणतात, की मॉडेलर ऐकायला ठीक आहे, पण हाताला लागत नाही. ही तक्रार थोतांड नव्हे. जोरात वाजवल्यावर व्हॉल्व ॲम्पचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, स्पीकरचा रोध सुरागणिक बदलतो आणि ॲम्प त्याप्रमाणे वागतो, शिवाय मोठ्या आवाजाची हवा गिटारच्या तारांना परत हलवते. पहिल्या दोन गोष्टी आजची मॉडेलं बऱ्यापैकी धरतात. तिसरी हेडफोनमध्ये येणं शक्यच नाही. पण ती त्याच आवाजात वाजणाऱ्या खऱ्या ॲम्पलाही साधणार नाही. शांत खोलीतल्या ॲम्पशी तुलना केली, तर तक्रारीचा मोठा भाग मॉडेलरकडून आवाजाच्या पातळीकडे सरकतो.

पातळीचा कानावर होणारा परिणाम तर १९३३ पासून माहीत आहे. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी तेव्हा दाखवलं, की हळू आवाजात आपल्याला खालचे आणि अगदी वरचे सूर मधल्यांपेक्षा फार कमी ऐकू येतात. रात्री हळू वाजवताना माणूस साहजिकच बास आणि ट्रेबल चढवतो आणि मधलं कापतो. सकाळी मोठ्याने लावलं की तेच खाली घुमतं, वर टोचतं, आणि ज्या मधल्या पट्ट्यात गिटारने गाण्यात उभं राहायचं तो पट्टा रिकामा असतो. यावर महागडा मॉडेलर हा इलाज नाही. आवाज गाण्यासोबत जुळवावा, एकट्याने नाही, आणि मॉडेलरच्या बजेटमधून दोन-पाच हजार काढून हेडफोनवर घालावेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फुकटचा न्यूरल ॲम्प मॉडेलर आणि फुकटच्या आयआर असताना डबा घ्यायचाच कशाला? ज्याच्याकडे बरा संगणक आणि हाय-झी इनपुटचा इंटरफेस आहे, आणि ज्याला फक्त घरीच रेकॉर्ड करायचं आहे, त्याने डबा घेऊ नये, असंच माझं मत आहे. डबा त्याच्यासाठी, ज्याचा लॅपटॉप कमी बफरवर अडखळतो, ज्याला स्टेजवरही तोच आवाज न्यायचा आहे, किंवा जो संगणक उघडला की वाजवायचं सोडून मेनूच फिरवत बसतो. हा शेवटचा वर्ग लहान नाही.

डबा घ्यायचाच झाला तर एका सोयीवर अडून बसावं: यूएसबीवरून प्रक्रिया केलेला आवाज आणि गिटारचा कोरा संकेत हे दोन्ही एकाच वेळी वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड व्हायला हवेत, आणि तो कोरा ट्रॅक पुन्हा यंत्रातून फिरवताही यायला हवा. याला रीॲम्पिंग म्हणतात. हे असलं की ॲम्प, कॅब, माइक सगळं गाणं पूर्ण झाल्यावर बदलता येतं, आणि आज घेतलेला चांगला टेक पाच वर्षांनी निघालेल्या मॉडेलवरही वाजवता येतो. काही स्वस्त डबे यूएसबीवर फक्त तयार स्टीरिओ आवाज देतात. त्यात आज चुकलेली निवड टेकमध्ये कायमची भाजली जाते.

मधल्या ॲम्पची एक तपासणी मात्र दुकानातच करून घ्यावी. चेपण्यातून निघणारे सूर सॅम्पलिंगच्या अर्ध्यावर, म्हणजे २४,००० हर्ट्झच्या पुढे गेले, तर ते खाली दुमडून परत येतात. पाच हजार हर्ट्झच्या सुराची नऊपट म्हणजे ४५,००० हर्ट्झ. ती दुमडून ३,०००वर येते आणि मूळ सुराशी तिचं कसलंच नातं नसतं. चांगली यंत्रं आतला हिशेब कितीतरी पट वेगाने करून हे टाळतात. आपली स्वतःची गिटार आणि स्वतःचे हेडफोन न्यावेत, गेन पूर्ण चढवावा, पहिल्या तारेवर उंच फ्रेटवर एक सूर धरून हळूहळू बेंड करावा. सूर वर चढत असताना मागे काहीतरी बारीक शिट्टीसारखं खाली उतरताना ऐकू आलं, तर तो डबा परत शेल्फवर ठेवावा, खोक्यावर कितीही ॲम्प छापलेले असोत.